वस्तऱ्याचे पाणी



भात पिवळे पडू लागले, की घरोघरी विळ्यांची आठवण होते. आढ्याला खोचलेले, कुडाच्या फटीत अडकवलेले विळे खाली निघतात आणि धार कोणाकडून लावायची हा प्रश्न उभा राहतो. पूर्वी तो पडत नसे. लोहार गावातच असे, आणि वर्षातून एकदोनदा शिकलगार पायाने फिरवायची साण घेऊन दारावर येई. आता तालुक्याच्या रस्त्यावर वेल्डिंगचे दुकान असते. तिथल्या विजेच्या चाकावर दहा मिनिटांत पाच विळे चकचकीत होऊन मिळतात. मग आठ दिवसांनी शेतकरी मला बांधावर गाठून म्हणतो, "साहेब, हल्ली पोलाद पूर्वीसारखे येत नाही. दोन पेंढ्या कापल्या की धार गेली."

बिचाऱ्या पोलादाची बाजू कोणीतरी मांडायला हवी, म्हणून आजचे हे लिहिणे. पण सुरुवात विळ्यापासून न करता वस्तऱ्यापासून करतो, कारण विळ्याची जी चूक आपल्याला चार दिवसांनी कळते, ती वस्तरा एका दाढीत सांगून टाकतो.

माझी धाकटी बहीण ऐरोलीला दिली आहे. नवी मुंबईतले ऐरोली म्हटले, की आज काचेच्या उंच कचेऱ्या आणि रुंद रस्ते डोळ्यांपुढे येतात. बहिणीचे सासर मात्र मूळचे गावठाणातले. ठाण्याच्या खाडीलगत खारजमिनीतली भातखाचरे, मिठागरे, भरतीला थोडी मासळी, असा त्या गावांचा संसार होता. १९७० साली सिडको स्थापन झाली, नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या. २००४ साली रेल्वेचे स्टेशन आले. बहिणीच्या सासऱ्यांना सारे घर तात्या म्हणते. वय चौऱ्याऐंशी. शेत गेले तरी त्यांनी शेताची हत्यारे भंगारात जाऊ दिली नाहीत. दोन विळे, एक कोयता, एक कुऱ्हाड आणि त्यांच्या वडिलांनी ठाण्याच्या बाजारातून आणलेला एक वस्तरा, एवढे त्यांच्या ट्रंकेत अजून आहे. त्यातला वस्तरा नुसता ठेवणीतला नव्हे. आठवड्यातून दोनदा तात्या ओटीवर आरसा मांडून त्याच वस्तऱ्याने स्वतःची दाढी स्वतः करतात. हात अजून कापत नाही, याचा त्यांना अभिमान आहे आणि तो असायलाच हवा.

गेल्या दिवाळीत मी तिकडे गेलो होतो. भाचा एका कारखान्यात फिटर आहे, हाताने हुशार पोरगा. आजोबांचा वस्तरा काळवंडला आहे, पात्यावर गंजाचे ठिपके आहेत, हे त्याच्या डोळ्यांत खुपत होते. दिवाळीला आजोबांना खूश करावे म्हणून त्याने तो गुपचूप उचलला, एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये नेला आणि विजेच्या बफवर साबण लावून झक्क पॉलिश करून आणला. "मामा, बघा, आरसा झालाय." मी पाहिले, तर माझी मिशी त्यात स्वच्छ दिसत होती. मी पाठ थोपटली. शेतकीची पदवी घेतलेला माणूस मी, तीसेक वर्षे अवजारांच्या गोष्टी लोकांना सांगत आलो, पण त्या घडीला मलाही काही कळले नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही.

नरकचतुर्दशीच्या पहाटे तात्या साबणाचा फेस करून बसले. आधी चामोटीवर वस्तरा फिरवला. एक गाल झाला. दुसऱ्या गालावर अर्ध्यात हात थांबला. त्यांनी पाते पुसले, उजेडात धरले, अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून पाहिले आणि नातवाकडे बघून एवढेच म्हणाले, "पानी गेला याचा."

मग पोराने कबूल केले. "टोकाला जरा निळा पडला होता, आजोबा. पण मी लगेच पाण्यात बुडवला. चर्र झाला. नंतर तो निळा डाग पॉलिशने काढून टाकला."

मंडळी, त्याने जे केले तेच आपण विळ्या-कोयत्यांच्या बाबतीत दरसाल करतो आणि वर पोलादाला नावे ठेवतो. म्हणून हे पाणी म्हणजे काय, ते आधी नीट समजून घेऊ.

पोलाद म्हणजे कर्बाचा, म्हणजे कोळशाचा, थोडा अंश मिसळलेले लोखंड. वस्तऱ्याच्या पोलादात तो शंभरात एक भागाच्या आसपास असतो. असे पोलाद भट्टीत लाल होईपर्यंत, साधारण पावणेआठशे-आठशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवून झटकन पाण्यात किंवा तेलात बुडवले, की ते काचेसारखे कडक होते. याला आपला लोहार पाणी देणे म्हणतो. पण काचेसारखे कडक म्हणजे काचेसारखे ठिसूळही. तसेच ठेवले तर धारेचे कपचे उडतील. म्हणून त्याला पुन्हा एकदा, पण आता हलकेच तापवून त्याचा थोडा माज उतरवतात. वस्तऱ्यासाठी हे दुसरे तापवणे दीडशे ते दोनशे अंशांच्या दरम्यान असते. कोयता, कुऱ्हाड यांना घाव सोसावे लागतात, म्हणून त्यांना अधिक तापवून थोडे मऊ ठेवतात.

दीडशे ते दोनशे अंश म्हणजे किती? आमच्या भगिनींना विचारा. पुऱ्या तळताना कढईतले तेल साधारण पावणेदोनशे अंशांवर असते. वस्तऱ्याचे पाणी एवढ्याच उष्णतेवर ठरवून दिलेले असते. पाते त्याहून जास्त तापले, की दिलेले पाणी उतरू लागते. जेवढे जास्त तापेल तेवढे जास्त उतरेल. आणि गुळाचा पाक एकदा पुढे गेला की तो जसा मागे येत नाही, तसेच हेही, थंड केल्याने परत येत नाही.

पोलाद किती तापले ते त्याच्या रंगावरून कळते. घासून उजळलेले पाते तापू लागले, की सव्वादोनशे अंशांच्या आसपास त्यावर वाळल्या पेंढ्यासारखी फिकट पिवळी झाक येते. अडीचशेला ती तपकिरी होते, पावणेतीनशे-दोनशे ऐंशीला जांभळी, आणि तीनशेला मोरपिसासारखी निळी. निळा रंग दिसला म्हणजे पाते तळणीच्या तेलाला केव्हाच मागे टाकून गेले. तो रंग म्हणजे पृष्ठभागावर चढलेला गंजाच्या जातीचाच एक अतिशय पातळ थर. तो घासून काढणे सोपे. पण रंग घासला म्हणून आतले मऊ झालेले पोलाद कडक होत नाही. घरात धूर भरला असता भिंतीला चुना लावून आग विझत नाही, तसेच ते. आणखी एक गोम अशी, की बफवर रंग जसा येतो तसा तो पॉलिशच्या साबणाने लगेच निघूनही जात असतो. म्हणजे पाते जळले तरी काम करणाऱ्याला काहीच दिसले नाही, असेही होते. माझ्या भाच्याला निळा रंग दिसला हे त्याचे नशीब.

आता पाण्यात बुडवण्याचे. हाच सगळ्यांचा गैरसमज, आणि तो शब्दामुळे झाला आहे. पाणी द्यायचे म्हणजे गरम पाते पाण्यात बुडवायचे, मग गरम झालेला विळा बादलीत बुडवला की त्याला पाणी चढले, असे आपण धरून चालतो. चर्र आवाजही तसाच येतो. पण लोहाराच्या भट्टीतले पाते लालभडक, आठशे अंशांवरचे असते. चाकावर निळे झालेले पाते तीनशे अंशांवरचे. तीनशेवरून कितीही झटकन थंड केले तरी त्याला कडकपणा येत नाही. तिथे पाणी उपयोगाचे असते ते रंग येण्याच्या आधी. निळे पडल्यावर बुडवणे म्हणजे पीक वाळल्यावर मोट सुरू करणे.

पोलादाचा विषय निघाला म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. ऐरोलीच्या खाडीपलीकडची ही मुंबई एके काळी विलायतेत पोलादासाठी नावाजली होती, आणि तीही चुकून. १७९४ साली मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी आपल्याकडच्या 'वूट्झ' नावाच्या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढच्या वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध लिहिला आणि हे पोलाद मुंबईतच तयार होते असे त्याच्या नावातच घालून टाकले. खरे म्हणजे ते खाली दक्षिणेतल्या मुशीभट्ट्यांतले. जेम्स स्टोडार्ट नावाच्या चाकू आणि शस्त्रक्रियेची हत्यारे करणाऱ्या कारागिराने त्याचा छोटा चाकू घडवून पाहिला आणि पुढे तो या पोलादाचा मोठा भोक्ता झाला. याच स्टोडार्टला बरोबर घेऊन मायकेल फॅरडे यांनी पोलादावर प्रयोग केले, त्यांचा निबंध १८२० सालचा. विजेच्या शोधांमुळे आपण ज्यांना ओळखतो तेच हे फॅरडे. पोलाद इतके नामांकित असले तरी वाजवीपेक्षा जास्त तापवले तर त्याचेही पाणी उतरतेच. असो.

वस्तराच इतक्या लवकर का जळतो? चुलीत ओंडका घाला, पेटायला वेळ लागतो. पेंढ्याची काडी घाला, क्षणात जाते. वस्तऱ्याचे पाते पाठीकडे जाड आणि पोटात दोन्ही बाजूंनी खोलगट कोरलेले असते. धारेजवळ ते कागदाहून पातळ होते. घर्षणाची उष्णता तिथे निर्माण झाली तर तिला पसरायला जागाच नसते. पाठ हाताला कोमट लागते आणि त्याच वेळी धार तीनशे अंशांवर गेलेली असते. टोकाची परिस्थिती आणखी वाईट, कारण तिथे उष्णतेला पुढे जायलाही वाट नाही. त्यात विजेच्या चाकाचा वेग. सहा इंची चाक मिनिटाला सुमारे २८५० फेरे घेते. हिशेब केला तर त्याची कड ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने धावत असते. चार इंची हातग्राइंडर मिनिटाला ११ हजार फेरे घेतो, त्याची कड ताशी २०० किलोमीटरच्या पुढे जाते. शिकलगाराची साण पायाने फिरे. तिची बरोबरी या चाकाशी कशी होणार?

म्हणून वस्तऱ्यापुरते माझे म्हणणे स्पष्ट आहे. तो विजेच्या चाकावर धरूच नका, बफवरही नको. जळण्याची भीती आहेच, पण फिरते कापड धारेला अडकले तर वस्तरा हातातून हिसकून अंगावर येतो. कारखान्यातले जाणते लोकही याला भितात.

हाताने उजळायचा तर असे करा. पाते आधी रॉकेलमध्ये किंवा पातळ तेलात रात्रभर भिजू द्या, पण मुठीला ते लागू देऊ नका. सकाळी फडक्याने पुसले की सैल झालेला गंज बराच निघून येतो. मग धारेवर चिकटपट्टी लावून टाका, म्हणजे बोट कापणार नाही. पाते एका सपाट लाकडी फळीवर, धार फळीच्या कडेबाहेर न जाईल असे आडवे ठेवा. दुकानात पाण्याचा पॉलिशपेपर, ज्याला वॉटरपेपर म्हणतात, तो मिळतो. ४०० नंबरपासून सुरुवात पुरे. गंज वरवरचा असेल तर ६०० किंवा ८०० पासूनच करा. कागदाचा तुकडा बाटलीच्या बुचाला गुंडाळून, साबणाच्या पाण्यात भिजवून, पाठीकडून धारेकडे हलक्या हाताने चोळा. उलट दिशेने, धारेकडून पाठीकडे, चोळू नका, बोट जाईल. मग १०००, १५००, २००० असे बारीक होत जा. शेवटी पितळ उजळायचे ब्रासोसारखे द्रव मऊ फडक्यावर घेऊन पुसा. दोन संध्याकाळी जातील. पण ओल्या कागदाने हाताने घासून कोणी पोलाद जाळलेले मी पाहिले नाही.

आणि सगळे काळे डाग काढलेच पाहिजेत असा हट्ट धरू नका. जुन्या पोलादावर येणारी करडी झाक निरुपद्रवी असते, ती उलट गंजापासून थोडे संरक्षणच देते. पाहायचे ते एकच. धारेच्या अगदी ओळीत गंजाने खड्डे पाडले आहेत काय? पाडले असतील तर तो वस्तरा दाढीचा राहिला नाही. आठवण म्हणून तेल लावून ठेवा. आरशासारखी चकाकी हा हौसेचा भाग झाला. तात्यांना चकाकी नकोच होती.

धार लावताना निसण्याचा दगड सपाट हवा आणि पाण्याने ओला. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकली पाहिजेत. पाठ उचलून धार लावू नये. धार पुढे ठेवून सरकवा, मग पाते पाठीवर उलटवून दुसऱ्या बाजूने तेवढेच. दाब बोटांच्या वजनाइतकाच. नंतर चामोटीवर उलट चाल, पाठ पुढे आणि धार मागे, पंचवीस-तीस फेऱ्या. चामोटी ढिली सोडू नका, ताणून धरा.

आता मुठीविषयी. जुन्या वस्तऱ्यांच्या मुठी शिंगाच्या असत, लाकडाच्या असत आणि पुष्कळशा सेल्युलॉइडच्या असत. जुन्या सिनेमाच्या फिती याच जातीच्या पदार्थाच्या होत्या, आणि तो पेट्रोलसारखा पेट घेतो. मूठ सेल्युलॉइडची आहे की नाही हे ओळखायचे तर ती अंगठ्याने जोरात चोळून नाकाशी धरा. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड समजा, कारण ते करताना त्यात कापूर घालतात. अशी मूठ चाकावर, चुलीजवळ किंवा तापलेल्या हत्याराजवळ कधी नेऊ नका. शिंगाची मूठ पेटत नाही, पण उष्णतेने पिळवटते.

काही घरांत वस्तरा निर्जंतुक करायचा म्हणून दिव्याच्या ज्योतीवर धरतात, किंवा दाढी झाल्यावर चुलीच्या आरावर सुकवतात. दोन्ही चूक. ज्योत हजार अंशांच्या घरात असते आणि पातळ धारेचे पाणी ती दोन-तीन सेकंदांत उतरवते. उकळत्या पाण्याने मात्र पोलादाला काही होत नाही. शंभर अंश हे तळणीच्या तेलापेक्षा पुष्कळ खाली आहे. तेव्हा नुसते पाते, मूठ वाचवून, उकळत्या पाण्यात धरायला हरकत नाही. पण लगेच कोरडे पुसा आणि खोबरेलाचा हात फिरवा. उकळले म्हणून एकाचा वस्तरा दुसऱ्याने वापरायचा असे मात्र नाही. कावीळ ब, एड्स हे रक्तातून पसरणारे रोग आहेत आणि गालावरचा बारीकसा ओरखडाही त्यांना पुरतो. सलूनमध्येही आता प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते लावतात आणि तसे लावून घेण्याचा आग्रह तुम्ही धरा. घरातला वस्तरा एकाच माणसाचा.

आता विळ्याकडे वळू. भात, गवत, ऊस, नाचणी, काहीही कापायचे हत्यार असो, तत्त्व तेच. फरक इतकाच, की विळ्या-कोयत्याचे पाते जाड असल्याने चूक सुधारायला थोडा वाव मिळतो. आपल्या ऊसतोडणीच्या टोळ्यांतली माणसे फडातच कानशीने कोयत्याला धार लावून घेतात, ते मला सर्वांत पसंत आहे. कानस हाताने चालते, धार जळत नाही. घरी निसणा असेल तर तोही उत्तम.

विजेच्या चाकावरच लावायची वेळ आली तर दुकानदाराच्या शेजारी उभे राहा आणि चार गोष्टींकडे लक्ष द्या. पाण्याचा डबा चाकाच्या शेजारीच आहे ना? विळा एका जागी दाबून न धरता मुठीकडून टोकाकडे सारखा सरकतो आहे ना? प्रत्येक फेरीनंतर, रंग येण्याची वाट न पाहता, तो पाण्यात जातो आहे ना? आणि चाक गुळगुळीत, काळे पडलेले तर नाही ना? गुळगुळीत चाक कापत नाही, नुसते घासते आणि तापवते. ते उजळून खरखरीत करून घ्यायला हवे. हातमोजा न घालता विळा धरला तर बोटांना चटका बसायच्या आत हात आपोआप मागे येतो. मोजा घातला तर बोट वाचते, विळा जळतो. शिवाय मोजा चाकात अडकला तर बोटही वाचत नाही. डोळ्यांना चष्मा मात्र हवाच. चाकावर धार केसासारखी बारीक करून घेऊ नका. थोडी जाड असतानाच थांबवा आणि शेवटचे काम घरी निसण्यावर करा. बहुतेक विळे जळतात ते शेवटच्या दोन फेऱ्यांत, कारण तेव्हाच पाते सर्वांत पातळ झालेले असते.

विळा जळला आहे का, हे पाहायचे तर धारेवर कानशीचा कोपरा हलकेच ओढा. पोलाद कडक असेल तर कानस घसरते. जळून मऊ झालेल्या जागी ती लोण्यात सुरी रुतावी तशी धरते. जळलेली पट्टी दोन-तीन मिलिमीटरची असेल तर तेवढी पाण्याखाली सावकाश घासून काढून आतल्या चांगल्या पोलादापर्यंत जाता येते. जास्त असेल तर लोहाराकडून नव्याने पाणी देऊन घ्या. वस्तऱ्याला हा उपाय नाही. इतके पातळ पाते भट्टीत पुन्हा लाल केले तर ते वाकडे होते किंवा तडकते.

मूठ बसवतानाही घरोघरी एक चूक होते. विळ्याचे मुठीत जाणारे शेपूट लाल तापवून लाकडात ठोकतात. लाकूड जळून भोक नेमके बसते, पद्धत चांगली आहे. पण ती आच मागून पात्यात चढते आणि मुठीजवळची धार मऊ करते. म्हणून तापवण्यापूर्वी पात्याला ओल्या फडक्याची जाड पट्टी गुंडाळा आणि ती वाळू देऊ नका.

कोकणातल्या शेतकऱ्यांसाठी आणखी एक. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा दातेरी असतो. त्याने भात जमिनीलगत कापता येते आणि धसकटात दडणाऱ्या खोडकिड्याच्या अळ्या त्याबरोबर जातात, म्हणून आम्ही त्याची शिफारस करतो. पण हा विळा चाकवाल्याच्या हातात देऊ नका. तो सवयीने सगळे दात घासून सपाट करून टाकतो, आणि मग जळो वा न जळो, विळा संपला. दातांत भाताचा चीक आणि माती साचली असेल तर ती ब्रशने धुवा. दात बोथट झाले असतील तर बारीक त्रिकोणी कानशीने एकेक दात घासा. संध्याकाळी अंगणात बसून होणारे काम आहे.

तात्यांच्या वस्तऱ्याचे पुढे काय झाले, असे विचाराल. मी दुसऱ्याच दिवशी भाच्याला घेऊन ठाण्याला गेलो आणि निसण्याचा एक बारीक, सपाट दगड घेऊन आलो. तात्यांनी वस्तरा तीन भागांत तपासला. टोकाकडचा तिसरा हिस्सा गेलेला होता, धार लावली की लागे आणि चार केसांत मुडपे. मधला बरा होता. मुठीकडचा शाबूत होता. पॉलिशचा जोर टोकाकडे पडला असणार. तेव्हापासून भाचा दर रविवारी आजोबांसमोर बसून तो पाण्याने भिजवलेल्या दगडावर फिरवतो आणि तात्या शेजारी बसून पाठ उचलली की ओरडतात. जळलेला भाग झिजून आत चांगले पोलाद लागायला किती महिने जातील ते सांगता येत नाही. बहीण परवा फोनवर म्हणाली, तात्या दाढी अजून त्याच वस्तऱ्याने करतात, फक्त मुठीकडच्या अर्ध्या पात्याने, त्यामुळे वेळ दुप्पट लागतो आणि चहा थंड होतो.